लिव्हरच्या रोग्याला बोल लावू नका, कारण शोधा



जिल्हा बैठकीच्या या पत्रिकेत कापसाचा भाव, पीकविमा, वीजबिल, कर्जवसुली हे विषय यायचे. या वेळी आम्ही ही पाने लिव्हरच्या रोगासाठी मोकळी केली आहेत. चळवळीच्या पत्रिकेत दवाखान्याचे काय काम, असे कोणी विचारील. त्याला उत्तर आहे, आणि ते आम्हाला एका तेरवीच्या मांडवात मिळाले.

आमचा एक कार्यकर्ता गेला. रास्ता रोकोत पुढे, जेलमध्ये पुढे, सभेच्या सतरंज्या उचलायलाही पुढे. शेवटच्या दोन वर्षांत त्याचे पोट वाढत गेले आणि हातपाय काडीसारखे झाले. डोळे पिवळे पडले. गाव म्हणाले, चोरून घेत असेल. आम्ही तसे तोंडाने म्हटले नाही, पण मनात तेच होते. तो बैठकीला यायचा बंद झाला, आम्हीही त्याच्या घरी जायचे बंद झालो. तेरवीला त्याच्या घरच्या माउलीने आम्हाला सरळ विचारले, "भाऊ, तुम्ही वीस वर्षे संग होता. तुमच्यातल्या एकानं तरी यांना पिताना पाहिलं काय?" कोणाकडेच उत्तर नव्हते. मग तिने पिशवीतून कागद काढला. त्यावर लिहिले होते, हिपॅटायटिस बी, लिव्हर सिरॉसिस. त्याने आयुष्यात दारूला हात लावला नव्हता. रोगाने तो गेलाच, पण शेवटची दोन वर्षे त्याला घरात कोंडून ठेवले ते आमच्या संशयाने.

म्हणून हा लेख. आमचे म्हणणे एकच आहे. लिव्हरचा रोगी दिसला की आपण बोल लावतो, कारण शोधत नाही. आणि कारण न शोधल्यामुळे वाचण्यासारखी माणसे मरतात.

हा खेळ आपल्याला ठाऊक आहे

शेतकरी कर्जबाजारी का, असे विचारले की बँकेचा साहेब सांगायचा, पितो म्हणून. पुढारी सांगायचा, लग्नात उधळतो म्हणून. विद्वान सांगायचे, आळशी आणि अडाणी म्हणून. चळवळीने या सगळ्यांची तोंडे बंद केली ती शिव्या देऊन नव्हे. एका क्विंटल कपाशीला खर्च किती आणि हाती पडते किती, हा हिशेब मांडून. बोल लावणे सोपे असते, त्याने बोलणाऱ्याची जबाबदारी संपते. हिशेब मांडला की कारण दिसते, आणि कारण दिसले की इलाज सुचतो.

तीच शहाणी चळवळ पोट फुगलेल्या माणसाकडे पाहून बँकेच्या साहेबासारखी बोलते. हे आपल्याला शोभणारे नाही.

पितळेच्या पातेल्याची गोष्ट

बोल लावण्यात आणि कारण शोधण्यात काय फरक आहे, याचा आपल्याच महाराष्ट्रातला एक दाखला सांगतो. साठी ओलांडलेल्या मायबहिणींना आठवत असेल, खेड्यापाड्यांत लहान लेकरांना लिव्हरचा रोग होत असे. सहा महिन्यांपासून तीन-चार वर्षांपर्यंतची मुले. पोट मोठे, लिव्हर दगडासारखे टणक, मग कावीळ आणि थोड्या महिन्यांत शेवट. एकाच घरात दोन-दोन लेकरे जात. म्हणून लोक घराण्याला दोष देत. डॉक्टरांच्या पुस्तकातही या रोगाला भारतीय बालकांचा सिरॉसिस असे वेगळे नाव होते.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. आनंद पंडित, डॉ. शीला भावे आणि इंग्लंडचे डॉ. स्टुअर्ट टॅनर यांनी १९८० च्या दशकात या लेकरांच्या घरचा सगळा हिशेब तपासला. मूल काय पिते, कधीपासून पिते, दूध कशात तापवतात, कशात ठेवतात. उत्तर चुलीपाशी सापडले. आईचे दूध लवकर तोडून वरचे दूध सुरू केलेले, आणि ते दूध कल्हई नसलेल्या पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यात तापवून ठेवलेले. भांड्यातले तांबे दुधात उतरे, कोवळ्या लिव्हरमध्ये साठे आणि ते जाळून टाकी. १९८३ साली हा निष्कर्ष वैद्यकीय जगापुढे आला. पातेली बदलली, स्टील आले, आईचे दूध जास्त दिवस पाजण्याचा सल्ला गावोगाव गेला. वेळेत आलेल्या लेकरांना शरीरातले तांबे बाहेर काढणाऱ्या औषधाने वाचवता आले. काही वर्षांत हा रोग जवळजवळ दिसेनासा झाला.

त्या लेकरांनी दारू प्यायली नव्हती. त्यांच्या आयांनी पाप केले नव्हते. कारण सापडेपर्यंत घराणी बदनाम होत राहिली. कारण सापडल्यावर रोगच उठला. या लेखातली एवढी एक गोष्ट लक्षात राहिली तरी आमचे काम झाले.

लिव्हर म्हणजे पाणी मुरवणारे शेत

लिव्हर, म्हणजे यकृत, पोटात उजवीकडे बरगड्यांखाली असते. मोठ्या माणसात त्याचे वजन सव्वा ते दीड किलो. आतड्यांत जे पचते ते रक्तात मिसळून आधी लिव्हरमध्ये येते. लिव्हर त्यातली साखर साठवते, रक्त गोठवणारी आणि रक्तातले पाणी धरून ठेवणारी प्रथिने तयार करते, पित्त बनवते, विषारी द्रव्ये निवडून बाहेर काढते.

काळ्या कसदार रानासारखे समजा. वरून आलेले पाणी ते मुरवून घेते. एखाद्या वर्षी मार बसला तरी पुढल्या वर्षी सावरते. लिव्हरचेही तसेच आहे, थोडी इजा झाली तर ते स्वतःला भरून काढते. पण तीच इजा वर्षानुवर्षे होत राहिली तर मऊ लिव्हरच्या जागी चिवट वण तयार होतात. रान चोपण पडावे तसे लिव्हर गाठाळ आणि टणक होते. यालाच सिरॉसिस म्हणतात.

चोपण रानात पाणी मुरत नाही, मग काय होते? पाणी तुंबते आणि वाट फुटेल तिकडे जाते. इथेही तसेच. आतड्यांकडून येणारे रक्त लिव्हरमध्ये शिरत नाही, मागे दाब वाढतो. अन्ननलिकेतल्या बारीक शिरा फुगतात. त्यातली एखादी बांध फुटावा तशी फुटली की रक्ताची उलटी होते, किंवा डांबरासारखी काळी शी होते. दाबाने आणि प्रथिने कमी पडल्याने पोटात पाणी साठते, पायावर सूज येते. विष निवडले जात नाही म्हणून ते मेंदूवर चढते. माणूस दिवसा झोपतो, रात्री जागतो, हात पुढे केले की पंजे फडफडतात, असंबद्ध बोलतो. घरचे म्हणतात, बाहेरचे काही लागले. बाहेरचे काही नसते, लिव्हरचेच असते.

कारणे एकाहून अधिक

पहिले कारण दारू. ते झाकून उपयोग नाही. गावठी असो, देशी असो की विलायती, लिव्हर लेबल वाचत नाही. आत गेलेला अल्कोहोल किती आणि किती वर्षे, एवढेच मोजते. रोज भरपूर पिणाऱ्या सगळ्यांनाच सिरॉसिस होत नाही, पण कोणाला होईल हे आधी सांगता येत नाही. बाईच्या शरीराला कमी दारूतही इजा होते.

दुसरे कारण हिपॅटायटिस बी आणि सी हे विषाणू. ते आईकडून बाळाला जन्माच्या वेळी जातात. दूषित रक्तातून, एकाला टोचलेली सुई दुसऱ्याला टोचल्याने, दुसऱ्याच्या वस्तऱ्याने, गोंदणाच्या सुईने आणि शरीरसंबंधातून जातात. २००९ साली गुजरातच्या साबरकांठा जिल्ह्यात मोडासा भागात वापरलेल्या सिरिंज पुन्हा वापरल्याने हिपॅटायटिस बीची साथ उठली आणि कितीतरी माणसे दगावली. सुई नवी फोडलेली आहे का, हे विचारायला लाजू नका. आणि एक लक्षात ठेवा, एका ताटात जेवल्याने, जवळ बसल्याने, लेकरू मांडीवर घेतल्याने हे विषाणू लागत नाहीत. रोग्याचे ताट वेगळे करण्याची गरज नाही.

तिसरे कारण लिव्हरवर साचलेली चरबी. मधुमेह, वाढलेले पोट यांच्याबरोबर ती येते. शेतात राबणाऱ्याला हे होत नाही असा आपला समज आहे. तो खरा नाही, मधुमेह आता गावातही घरोघर पोहोचला आहे. सोनोग्राफीच्या कागदावर फॅटी लिव्हर लिहून आले तर घाबरू नका, पण कागद ट्रंकेत टाकून विसरूही नका. साखर तपासा, वजन उतरवा, बाटली असेल तर सोडा. या टप्प्यावर लिव्हर पूर्ण सावरू शकते.

याशिवाय शरीराने स्वतःच्याच लिव्हरवर उलटणे, जन्मजात तांबे किंवा लोह साठणे, अशी आणखीही कारणे आहेत. ती तपासणीत कळतात.

धान्याचीही एक गोष्ट सांगितली पाहिजे. १९७४ साली राजस्थानचा बांसवाडा आणि गुजरातचा पंचमहाल या भागांतल्या आदिवासी गावांत पावसात भिजलेला, बुरशी आलेला मका लोकांनी खाल्ला. जवळ दुसरे धान्यच नव्हते. त्या बुरशीत अफ्लाटॉक्सिन नावाचे विष होते. कावीळ झाली, पोटात पाणी झाले, शंभरावर माणसे मेली. हेच विष थोडे थोडे वर्षानुवर्षे पोटात गेले आणि सोबत हिपॅटायटिस बी असला तर लिव्हरच्या कॅन्सरचा धोका कितीतरी वाढतो. भुईमूग, मका यांत ही बुरशी विशेष, सरकीच्या पेंडेतही धरते, आणि पेंडेतून जनावराच्या दुधात उतरते. आपल्याकडे रीत काय? चांगला माल बाजारात आणि डागी माल घरात. माल वाळवून, कोरड्या जागी, जमिनीपासून उंच ठेवा. बुरशी धरलेले दाणे धुऊन किंवा भाजून निर्धोक होत नाहीत. ते घरच्या ताटातही नकोत आणि जनावराच्या टोपल्यातही नकोत.

दोन टप्पे, आणि मधली रेघ

सिरॉसिस म्हणजे आता संपलेच, असे समजणे ही सगळ्यात महाग पडणारी चूक आहे. या रोगाचे दोन टप्पे आहेत. पहिल्या टप्प्यात वण पडलेले असतात, पण उरलेले लिव्हर काम रेटून नेते. माणूस चालतो-फिरतो, फार तर थकवा आणि मंद भूक. दुसऱ्या टप्प्यात पोटात पाणी, रक्ताची उलटी, कावीळ, भ्रम यांपैकी काहीतरी उघड होते. पहिल्या टप्प्यातला माणूस नीट सांभाळला तर दहा-बारा वर्षे आणि त्याहूनही अधिक जगतो. दुसऱ्यात गेल्यावर आयुष्याचा सर्वसाधारण हिशेब दोन-चार वर्षांवर येतो. कारण काढून टाकता आले तर त्या टप्प्यातूनही काही रोगी मागे फिरतात.

आपली माणसे दवाखान्यात जातात ती ही रेघ ओलांडल्यावर, पोटाचा नगारा झाल्यावर. त्याआधी लाज आडवी येते. लोक काय म्हणतील, हा प्रश्न रोग्याच्या आयुष्यातली दहा वर्षे खातो.

रेघ ओलांडण्याआधी ओळखायचे कसे? रोज पिणारा, मधुमेही, कधी मोठी कावीळ झालेला, घरात कोणाला हिपॅटायटिस असलेला, पूर्वी रक्त चढवलेला, अशा प्रत्येकाने रक्त तपासून घ्यावे. लिव्हरच्या तपासण्या, प्लेटलेट, हिपॅटायटिस बी आणि सी, आणि एक सोनोग्राफी. प्लेटलेट कमी होत जाणे ही पुष्कळदा पहिली खूण असते. लिव्हर किती टणक झाले हे मोजणारे यंत्रही आता मोठ्या दवाखान्यांत आहे.

कारण सापडले की इलाज आहे

हिपॅटायटिस सीवर आता गोळ्या आहेत. बहुतेकांना १२ आठवडे, काहींना २४ आठवडे घ्याव्या लागतात, आणि शंभरातल्या नव्वदाहून जास्त रोग्यांचा विषाणू कायमचा जातो. हिपॅटायटिस बी मुळापासून जात नाही, पण रोजच्या एका गोळीने दबून राहतो आणि लिव्हरची पुढली नासाडी थांबते. ती गोळी मनाने बंद करू नये, विषाणू उसळून येतो. केंद्र सरकारने २८ जुलै २०१८ रोजी हिपॅटायटिस नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला, त्यात या दोन्हींची तपासणी आणि औषधे फुकट आहेत. जिल्हा रुग्णालयात जाऊन मागा. उपकार म्हणून नव्हे, हक्क म्हणून मागा. घरात एकाला बी निघाला तर बाकीच्यांनी तपासून घ्यावे, नसेल त्यांनी लशीचे तीन डोस घ्यावेत. नव्या बाळाला जन्मल्यापासून २४ तासांच्या आत ही लस मिळालीच पाहिजे. आमच्या त्या कार्यकर्त्याचा कागद पाच वर्षे आधी निघाला असता, तर तो आज बैठकीत पहिल्या रांगेत बसला असता.

घरी सांभाळायचे कसे

पोटात पाणी असेल तर मीठ मोजा. दिवसभरात सगळे मिळून एक सपाट छोटा चमचा, म्हणजे पाच ग्रॅम, याहून जास्त नको. लोणचे, पापड, फरसाण बंद, ठेचा बिनमिठाचा. लघवीवाटे पाणी काढणाऱ्या गोळ्या डॉक्टर देतात. त्यांनी रक्तातले क्षार बिघडू शकतात, म्हणून तपासणी चुकवू नका आणि गोळी मनाने वाढवू-घटवू नका. रोज सकाळी वजन करून वहीत लिहा. पोटातले पाणी सुईने काढले की माणूस मरतो, ही भीती खोटी आहे. जास्त पाणी काढायचे असेल तर सोबत अल्ब्युमिन शिरेतून द्यावे लागते, एवढे डॉक्टरांना विचारा.

खाणे तोडू नका. काविळीच्या रोग्याला डाळ नको, तेल नको, हळद नको, असे करत आपण त्याला उपाशी मारतो. सिरॉसिसमध्ये शरीर स्वतःचेच मांस जाळून खाते, म्हणून त्याला प्रथिने निरोगी माणसाहून जास्त लागतात. साठ किलोच्या माणसाला दिवसाला ७० ते ९० ग्रॅम. हिशेब असा: ३०० ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकरीत सुमारे ३० ग्रॅम, १०० ग्रॅम तुरीच्या डाळीत २२, अर्ध्या लिटर दुधात १६, दोन अंड्यांत १२. झाले ८०. अंडी चालत नसतील तर हरभरा-मूग-दही वाढवा. दिवसातून पाच-सहा वेळा थोडे थोडे द्या, आणि रात्री झोपताना दूध-भाकर द्याच. या रोग्याला एका रात्रीचा उपास धडधाकट माणसाच्या दोन-तीन दिवसांच्या उपासासारखा पडतो. एकादशी, चतुर्थी त्याच्या वाटणीची घरच्यांनी करावी.

अंगदुखीच्या गोळ्यांपासून दूर राहा. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, अॅसिक्लोफेनॅक या गोळ्या कीटकनाशकाइतक्याच सहज दुकानात मिळतात. सिरॉसिसच्या रोग्याच्या त्या किडन्या बसवतात. झोपेची गोळीही नको. पॅरासिटामोल चालते, पण कमी मात्रेत आणि डॉक्टरांना विचारून.

शी तुंबू देऊ नका. डोक्यावर परिणाम होऊ नये म्हणून लॅक्ट्युलोजचे गोड औषध देतात, त्याने दिवसातून दोन-तीन वेळा मऊ शी झाली पाहिजे. अन्ननलिकेतल्या शिरा दुर्बिणीने तपासून घ्या. त्या फुगल्या असतील तर रबराचे कडे बसवून बांधता येतात, दाब कमी करणाऱ्या साध्या गोळ्याही आहेत. दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करा, कॅन्सरची गाठ लहान असताना सापडते.

आणि या चार गोष्टी झाल्या तर सकाळची वाट पाहू नका: रक्ताची उलटी किंवा काळी शी, असंबद्ध बोलणे किंवा गुंगी, पोटात पाणी असताना ताप किंवा पोटदुखी, लघवी बंद. गाडी काढा आणि मोठा दवाखाना गाठा.

खर्चाचे काय? महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे कार्ड आणि रेशनकार्ड सोबत ठेवा, आणि दाखल होण्याआधीच रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला काय बसते ते विचारा. शेवटचा इलाज लिव्हर बदलणे. जिवंत नातेवाइकाने लिव्हरचा तुकडा दिला तर देणाऱ्याचे लिव्हर पुन्हा वाढते. पण खासगी दवाखान्यात याचा खर्च वीस लाखांच्या घरात जातो. कोरडवाहू पाच एकर विकूनही तो भागेल असे नाही. म्हणूनच आधी ओळखण्याला आम्ही एवढे महत्त्व देतो. आपल्यासारख्यांचा स्वस्त इलाज पहिल्या टप्प्यातच आहे.

काविळीची माळ

गावोगावी काविळीची माळ घालतात, नाकात थेंब टाकतात, डाग देतात. आणि लोक सांगतात, गुण आला. गुण का येतो ते समजून घ्या. दूषित पाण्यातून होणारी साधी कावीळ, म्हणजे हिपॅटायटिस ए आणि ई, बहुतेकांना काही आठवड्यांत आपोआप उतरते. माळ घाला की घालू नका. श्रेय माळेला मिळते. पण आत बी किंवा सी बसला असेल तर डोळ्यांचा पिवळेपणा उतरतो आणि विषाणू आपले काम करत राहतो. माळ घालायचीच असेल तर घाला, पण रक्त तपासल्यावर. डाग मात्र मुळीच देऊ नका. झाडपाल्याचे आहे म्हणून निर्धोक, हेही खरे नाही. करोनाच्या काळात गुळवेलीचा काढा घेतलेल्या सहा रोग्यांच्या लिव्हरला इजा झाल्याचे मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ साली प्रसिद्ध केले. आयुष मंत्रालयाला ते पटले नाही. वाद चालू दे, पण ज्याचे लिव्हर आधीच दुखावले आहे त्याने अशा वादात आपले शरीर लावू नये.

आणि जो पितो त्याचे काय?

आता अवघड प्रश्न. आमचा कार्यकर्ता पीत नव्हता म्हणून आम्हाला वाईट वाटले. तो पीत असता तर? मग त्याला एकट्याने मरू द्यायचे होते का?

आमचे उत्तर, नाही. भावाचा हिशेब मांडला म्हणून बाटलीचा हिशेब सुटत नाही, हे खरे. बाटलीचे पैसे घरातल्या बाईच्या हातातून जातात, मारही तीच खाते. आडव्या बाटलीला मते देऊन दुकाने बंद करणाऱ्या मायबहिणींना हे आम्ही शिकवायची गरज नाही. आणि दारूच्या करातून दरसाल हजारो कोटी घेणाऱ्या सरकारला पिणाऱ्याकडे बोट दाखवण्याचा अधिकार नाही. पण पिणारा माणूस रोगीही असतो. दारूने झालेल्या सिरॉसिसमध्ये दारू सोडणे याच्या तोडीचे दुसरे औषध नाही. पोटात पाणी झाल्यावर सोडली तरी आयुष्य वाढते. आता सोडून काय फायदा, हे वाक्य घरात कोणी बोलू नये.

एक इशारा. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम घरीच बंद केली तर दोन-तीन दिवसांत हातपाय थरथरतात, भास होतात, फेफरे येऊ शकते, जीवही जाऊ शकतो. खोलीत कोंडून सोडवू नका, डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडवा. व्यसनमुक्तीची केंद्रे आहेत, पुण्याचे मुक्तांगण १९८६ सालापासून हे काम करते. आणि पुन्हा घसरला तर पुन्हा न्या. आपणही एका आंदोलनात भाव मिळाला नाही म्हणून चळवळ सोडली नाही.

बैठकीपुढे आमची सूचना

येत्या बैठकीत तीन गोष्टी ठरवाव्यात. पहिली, प्रत्येक तालुक्याने आपल्या माणसांना जिल्हा रुग्णालयात नेऊन हिपॅटायटिस बी आणि सीची तपासणी करून घ्यावी. सुरुवात पदाधिकाऱ्यांनी स्वतःपासून करावी. औषध संपले आहे असे उत्तर मिळाले तर ते लेखी घ्यावे, पुढे काय करायचे ते चळवळीला येते. दुसरी, गावातल्या प्रत्येक बाळंतपणाला पहिल्या दिवसाची लस मिळाली का, हे महिला आघाडीने विचारावे. तिसरी गोष्ट बिनखर्चाची आहे, पण सगळ्यात जड आहे. पोट वाढलेला माणूस दिसला की, पितो का, हा प्रश्न विचारायचा नाही. तपासलं का, हे विचारायचे. आणि नसेल तपासले, तर गाडीवर मागे बसवून न्यायचे.

त्या माउलीच्या प्रश्नाला आम्ही त्या दिवशी उत्तर देऊ शकलो नाही. हा लेख त्याचे उत्तर नाही, कबुली आहे. उत्तर तुम्ही आपापल्या गावात द्यायचे आहे.